सातव्या दगडापलीकडे

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की नेपरव्हिलमधल्या आमच्या रस्त्यावर दाताळ्यांचा आवाज सुरू होतो. जो तो आपापल्या अंगणातला मेपलचा पाला ओढून रस्त्याच्या कडेला ढीग लावतो. दिवसभर खरखर, खरखर. रात्री पाऊस पडून गेला असला तर त्या ढिगांना एक वास सुटतो, थोडा चहाच्या चोथ्यासारखा, थोडा भिजलेल्या गोणपाटासारखा. तो नाकात गेला की माझा हात थांबतो. माझी मुलगी एकदा म्हणाली होती, "बाबा, यू गेट सो क्वायट एव्हरी फॉल." मी म्हटलं, "थकलो गं, दुसरं काही नाही." अंगणात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम. मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला सिव्हिल इंजिनिअरिंगचं एम. एस. करत होतो. पुण्याचा अभय आणि मी दोन खोल्यांचं अपार्टमेंट वाटून घेतलं होतं. तूरडाळ हवी तर कोणाची तरी गाडी पिट्सबर्गला जाईपर्यंत वाट बघायची, असे ते दिवस. सप्टेंबरच्या अखेरीला माझ्या प्रोफेसरांनी मला बोलावलं आणि एक नकाशा पुढे सरकवला. पलीकडच्या दरीत एक जुनं दगडी चर्च होतं. तिथला वळणाचा रस्ता सरळ करायचा घाट होता आणि नवा रस्ता चर्चच्या रानाला कापत जाणार होता. त्या रानाला हद्दीचे अकरा दगड होते. चर्च स्थापन करणाऱ्यांनी आपल्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या मुलखाची खूण म्हणून ते रोवलेले. चर्चच्या लोकांना त्या दगडांना वारसा म्हणून संरक्षण हवं होतं. त्यासाठी कोणीतरी ते शोधून, मोजून, रीतसर नकाशावर मांडायला हवे होते.

"शनिवारचं काम आहे," प्रोफेसर म्हणाले. "हॉफरबाई तुला दगड दाखवतील. तू फक्त लिहून घे."

हॉफरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. चर्चची जुनी दप्तरं त्याच सांभाळायच्या. पायात रबरी बूट, अंगात मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट, हातात काठी. पहिल्या शनिवारी मला पाहून त्यांनी काय केलं असेल, तर गाडीतून नारिंगी रंगाचं एक फडकं काढून माझ्या दंडाला बांधलं.

"शिकारीचे दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तू हरणाच्या रंगाचा कोट घालून आलायस."

दगड शोधायची त्यांची रीत साधी होती. पाला गुडघ्यापर्यंत साचलेला. त्या काठी टोचत पुढे जायच्या. मऊ, मऊ, मऊ, आणि मग ठक्क. मी वाकून पाला बाजूला करायचो. खाली राखी रंगाचा चुनखडीचा दगड, त्यावर क्रूस आणि आकडा. कोरीव काम इतकं झिजलेलं की ते डोळ्यांपेक्षा बोटांनीच नीट वाचता यायचं. मी फीत लावायचो, कोन घ्यायचो, वहीत लिहायचो. तेवढा वेळ बाई आपला तळवा त्या दगडावर ठेवून उभ्या असायच्या, जत्रेत माणूस पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहतो तशा.

"लहानपणी आम्हाला दरवर्षी या हद्दीवरून चालवत न्यायचे," एकदा त्यांनी सांगितलं. "प्रत्येक दगडाशी पोरांची कपाळं दगडावर आपटायचे. फार जोरात नाही. पण दुखेल इतकं. दुखलेलं माणूस जागा विसरत नाही."

मी हसलो. पण त्या संध्याकाळी बसमधून परत येताना मला आबा आठवत राहिले.

आबा म्हणजे माझे आजोबा. सोलापूरकडच्या आमच्या गावाचे ते येसकर होते. महार वतनातलं ते काम. वेशीवर राखण करायची, गावात आलं-गेलं बघायचं, सांगावे पोचवायचे. आणि गावाची शीव राखायची. कोणत्या बांधाशी कोणता दगड, कोणत्या ओढ्यापर्यंत आपलं गाव आणि कुठून पुढे शेजारचं, हे लिहिलेलं कमी आणि आबांच्या पायांत जास्त होतं. दोन गावांत हद्दीवरून भांडण पेटलं की आबांना बोलवायचे. डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घेऊन ते अनवाणी चालायचे आणि दोन्ही गावांचे पाटील त्यांच्या मागून. ते जिथून चालतील ती शीव. त्या एका दिवसापुरता त्यांचा शब्द पाटलाच्या वर. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वेशीबाहेर.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तालुक्याला शाळामास्तर झाले. आम्ही बौद्ध झालो, येसकरकी सुटली. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टीत गावी गेलो होतो. आबा मला म्हणाले, "चल, तुला शीव दावतो." मी चपला घातल्यासुद्धा. दादा दारात आडवे आले. "त्याला ते दगड नका दाखवू," ते म्हणाले. "त्याच दगडांनी आपल्याला बाहेर ठेवलं." आबा मागे फिरले. दोन वर्षांनी ते वारले आणि आमच्या गावाची शीव त्यांच्याबरोबर गेली.

शिवेबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. गावाला ती रेघ वाटते. आमच्यासाठी ती रेघ नव्हती, राहायची जागा होती. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा सजवून शिवेवर आणून सोडायचं. उतरून टाकलेला नारळ, लिंबू, जुनं केरसुणीचं खोड, मेलेलं जनावर, गावानं जे जे बाहेर टाकलं ते आमच्या दारात येऊन थांबायचं. आणि आमची मेलेली माणसं त्याच्याही पलीकडे, ओढ्याच्या काठाला. तिथे कोणाचं नाव कोरलेलं नसायचं. डोक्याशी एक अनघड दगड, पायाशी एक. बस्स.

म्हणून ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी, सातव्या दगडाशी, मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

सातवा दगड काट्यांच्या जाळीत होता. तो मोकळा करून मी मोजमाप घेत होतो. फितीचं टोक पकडून चार पावलं पलीकडे गेलो तर पायाखालची जमीन एकदम खचल्यासारखी लागली. एक लांबट खळगा. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. मी पाला सारला. खळग्याच्या एका टोकाला वीतभर उंचीचा दगड, दुसऱ्या टोकाला त्याहून लहान. हातोडी न लागलेले, रानातून उचलून आणलेले दगड. सगळे खळगे एकाच दिशेनं, रांगेनं. काही फारच आखूड होते. त्या आखूड खळग्यांपाशी मी फीत खाली ठेवली. कोणीतरी तिथे एक हिरवी वेल लावलेली होती आणि सगळं रान झडत असताना ती एकटीच हिरवी होती.

मागून बाईंचा आवाज आला. "तिकडे नको. इथून आपण वळतो."

"हॉफरबाई, या कबरी आहेत."

त्या जाळीच्या अलीकडेच थांबल्या. मग काठीनं आठव्या दगडाची दिशा दाखवत म्हणाल्या, "ते पॅरिशचे नाहीत."

परतताना त्यांनी मला गाडीतून बसथांब्यावर सोडलं. उतरताना नेहमीसारखं एक सफरचंद हातावर ठेवलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो.

नकाशा काढायला बसलो तेव्हा सगळा पेच लक्षात आला. एका बाजूला दगडांची ओळ, दुसऱ्या बाजूला ओढा, मधे ती चिंचोळी पट्टी. दगडांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं की रस्ता ओळीच्या बाहेर सरकणार. बाहेर म्हणजे थेट त्या खळग्यांवरून. दगड वाचवायचं काम मी जितकं चोख करीन, तितका बुलडोझर त्या माणसांच्या जवळ जाणार होता.

मी प्रोफेसरांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "खळगे म्हणजे कबरी नव्हेत," ते म्हणाले. "दप्तरात नोंद आहे? नाही. मग कोणी सांगणारं आहे? तुला दगडांची यादी करायला पाठवलं होतं. दगडांची यादी दे." माझी असिस्टंटशिप त्यांच्या सहीवर होती आणि व्हिसा त्या असिस्टंटशिपवर. मी मान हलवून बाहेर आलो.

त्या आठवड्यात मी दादांना पत्र लिहिलं. निळं एरोग्राम. फोन महाग होता, पण खरं कारण ते नव्हतं. आबांबद्दल दादांशी समोरासमोर बोलायची मला सवयच नव्हती.

नोव्हेंबर आला. झाडं उघडी पडली. कॅम्पसवरची बस सकाळी धुक्यातून यायची आणि तिचे दिवे आधी दिसायचे. दगडांचं काम संपलं होतं, अकराही मिळाले होते, नकाशा टेबलावर तसाच पडून होता. अभय एकदा म्हणाला, "यार, तू इथे इंजिनिअरिंग करायला आलायस की दगड मोजायला? सबमिट कर आणि मोकळा हो." मी म्हटलं, "करतो."

दादांचं उत्तर महिन्याभरानं आलं. त्यांचं मास्तरी अक्षर, समास सोडून सरळ ओळी.

"तू विचारलंस म्हणून लिहितो. मला आबांची लाज वाटायची. एक दिवस गाव त्यांच्या मागून चालायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच गाव त्यांना दुरून भाकर टाकायचं, आणि ते घ्यायचे. ते मला बघवत नसे. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका वर्षी पाटलानं त्यांना सांगितलं की चालताना चार हात पलीकडून चाल, तेवढं रान गावाला मिळेल. आबा होय म्हणाले नाहीत. माती डोक्यावर घेऊन शीव होती तिथूनच चालले. त्या वर्षी आमचं बलुतं बंद झालं. आम्ही पोरं कण्या खाऊन राहिलो. आबा गरीब होते, लाचार होते, पण कधी खोटं चालले नाहीत. तुला त्यांच्याबरोबर जाऊ द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

अभय स्वयंपाक करत होता. माझ्याकडे पाहून त्यानं गॅस बंद केला. "काय रे? घरी सगळं ठीक?"

मी ते पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. वाचून झाल्यावर त्यानं कणकेचे हात धुतले.

"दीड वर्ष आपण एका घरात राहतोय," तो म्हणाला. "तू कधी बोललाच नाहीस."

"तू विचारलं होतंस. आधी आडनाव विचारलंस, मग गावाकडे घर कुठे ते विचारलंस. दोन्ही वेळा मी विषय बदलला."

"मी सहज विचारलं होतं यार."

"माहीत आहे. मला सहज सांगता आलं नाही."

त्यानं माझी बाजू घेतली नाही की समजूतही घातली नाही. ते बरं झालं. फक्त म्हणाला, "आता नकाशाचं काय करणार?" आणि मला एकदम कळलं की महिनाभर मी हॉफरबाईंवर मनात राग धरून बसलो होतो, पण ठरलेल्या जागी वळायची सवय एकट्या त्यांचीच नव्हती. मीही वळत आलो होतो, प्रत्येक ओळखीत, प्रत्येक जेवणात. त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर बसलो आणि नकाशावर सातव्या दगडापलीकडे तेवीस लहान चौकोन काढले. खळगे मी मोजून ठेवलेले होतेच.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा लावला आणि अकरा दगडांवरून एकेक करत बोट फिरवलं. सातव्यावर बोट थांबलं.

"हे चौकोन दिले तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

मी खोटं सांगितलं नाही. "रस्त्याला ओढ्याकडे जागा उरणार नाही. तो आत येईल. सहावा, सातवा, आठवा, हे तीन दगड उपटावे लागतील. आणि हे चौकोन कबरींचेच आहेत असं माझ्या एकट्याच्या सांगण्यावर कोणी मानणार नाही. ज्याला आधीपासून माहीत आहे अशा माणसानं सांगायला हवं."

"हे तिन्ही दगड मला माझ्या बापानं दाखवलेत."

"हो."

"तुला काय पडलंय त्या खळग्यांतल्या लोकांचं? तुझे कोण लागतात ते?"

मी त्यांना आबांबद्दल सांगितलं. येसकर या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना, तेव्हा म्हटलं, गावाची हद्द ज्याच्या पायांत असते, पण ज्याला गावात घर नसतं, असा माणूस. ओढ्याकाठच्या आमच्या मसणवट्याचंही सांगितलं. खिडकीबाहेर त्या वर्षीचं पहिलं बर्फ पडत होतं, भुरभुर, जमिनीला लागताच विरघळणारं. मी निघालो तेव्हा त्यांनी नकाशा परत दिला नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला टाउनशिपची सभा होती. टाउनशिप म्हणजे तिथली ग्रामपंचायतच म्हणा. बर्फ ढकलायचे ट्रक जिथे उभे असतात त्या गॅरेजमध्ये घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. डिझेलचा वास, थर्मासमधली कॉफी. चर्चची माणसं पुढच्या दोन रांगांत बसली होती. अभय माझ्याबरोबर आला होता, मी न सांगता. पंचांपैकी एकानं विचारलं, दगडांच्या अर्जावर कोणाला काही बोलायचंय का. हॉफरबाई उठल्या. माझा नकाशा त्यांच्या हातात होता.

"मी सहा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "सातव्या दगडावर बापानं माझं कपाळ आपटलं. मी डोळे उघडले तर समोर ते लहान लहान दगड. मी विचारलं, हे कोणाचे? बाप म्हणाला, ते मोजायचे नाहीत. घरी आल्यावर आईनं सांगितलं. ते लोखंडाच्या भट्टीवरचे काळे लोक होते. त्यांची पोरंबाळं होती. आपल्या चर्चच्या भिंतीचे दगड त्यांनी वाहून आणले. मेल्यावर त्यांना आत जागा दिली नाही, हद्दीला लागून बाहेर पुरलं." मग त्या पंचांकडे पाठ करून पुढच्या दोन रांगांकडे वळल्या. "माझ्या वयाच्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मार्था, तुला ठाऊक आहे. कार्ल, तुलाही."

मार्था नावाची ती म्हातारी मांडीवरच्या पर्सकडे पाहत राहिली. कार्लनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. कोणीतरी खाकरलं. मग कार्ल बसूनच, अगदी हळू म्हणाला, "हो. मला आजोबांनी सांगितलं होतं."

एवढंच झालं. आरडाओरडा नाही, भाषण नाही. पण दोन साक्षी झाल्या होत्या आणि त्या लिहून घेतल्या गेल्या.

पुढचं सगळं कागदांच्या गतीनं झालं. रस्ता आत सरकला. प्रोफेसर माझ्यावर महिनाभर नाराज होते, मग त्यांनीच त्या नकाशावर आपल्या नावाशेजारी माझं नाव घातलं. आठ दगड वारसा-यादीत गेले. मार्च संपताना बाकीचे तीन उपटले, तेव्हा मी तिथे होतो. वर गुडघाभर दिसणारा सातवा दगड जमिनीत माणसाच्या छातीइतका खोल होता. साखळीनं ओढला तेव्हा त्याच्या तळाला काळी माती आणि पांढरी मुळं लोंबत होती. बाई गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून फक्त एवढंच म्हणाल्या, "सावकाश घ्या त्याला." चर्चमध्ये मार्था आता त्यांच्या बाकावर बसत नव्हती. चाळीस वर्षं दोघी शेजारी बसल्या होत्या. बाईंनी ते मला सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही.

मी पुढे आयुष्यभर रस्ते आणि पूल बांधले. वारसा म्हणजे काय, यावर बोलणारी माणसं मीटिंगांत भेटतात, चांगलं बोलतात. मला मात्र वाटतं, दगड जपणं त्यामानानं सोपं आहे. त्याला कुंपण घालता येतं, पाटी लावता येते. दगडाच्या कोणत्या बाजूला उभं राहून आपण तो जपतोय, हे विचारणं अवघड. हॉफरबाईंचं ज्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त प्रेम होतं, तीच त्यांनी त्या गॅरेजमध्ये देऊन टाकली. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या जागी मी असतो तर उठलो असतो का, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, मी पदवी घेऊन निघायच्या आधी, बाईंचा फोन आला. "शनिवारी ये. काम आहे." टाउनशिपनं त्या पट्टीभोवती लाकडी कुंपण घातलं होतं आणि एक पाटी लावली होती. पांढरी पाटी, काळी अक्षरं: येथे अज्ञात लोकांच्या कबरी आहेत.

नावं खरंच मिळाली नव्हती. हिवाळाभर बाईंनी दप्तरं चाळली होती, मीही काही शनिवार मदतीला गेलो होतो. एकही नाव नाही. पाटीत तसं चुकीचं काही नव्हतं. पण बाई तिच्यासमोर काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अज्ञात. कोणाला अज्ञात?"

मग त्यांनी कोटाच्या खिशातून बारीक कुंचला काढला आणि मला गाडीतून काळ्या रंगाचा डबा आणायला सांगितला. मी डबा धरून उभा राहिलो. पहिलंच अक्षर वाकडं उमटलं. मी म्हटलं, "मी लिहू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. छापील ओळीखाली त्या एकेक अक्षर काढत गेल्या. शेवटी जागा पुरेना म्हणून अक्षरं एकमेकांना चिकटली, एक थोडं ओघळलं. लिहून झाल्यावर त्या दोन पावलं मागे आल्या. वरच्या ओळीखाली आता त्यांची ओळ होती: आम्हाला माहीत होतं.

पश्चिमेकडून ढग येत होते. मी म्हटलं, "रंग ओला आहे. पाऊस आला तर जाईल."

बाईंनी अंगातला नवऱ्याचा कोट काढला आणि एक बाही माझ्या हातात दिली. तो कोट पाटीवर छपरासारखा धरून, रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो.